वर, वर, खाली, खाली

एखादं काम दुसऱ्यांदा करायची वेळ आली की प्रोग्रामर माणसाला तो वैयक्तिक अपमान वाटतो. मग ते काम आयुष्यात पुन्हा करावं लागू नये म्हणून तो त्याच्या दहापट काम करतो, त्याची एक लायब्ररी बांधतो आणि जगाला फुकट वाटून टाकतो. तारखा जुळवायची लायब्ररी आहे, रंग उजळ करायची आहे. दिलेला आकडा विषम आहे की नाही, एवढंच सांगणारी लायब्ररीसुद्धा आहे आणि रीतसर शाळा पास झालेले लोक ती वापरतात. तेव्हा व्हिडिओ गेममधल्या चीट कोडसाठी लायब्ररी निघाली यात नवल कसलं? नवल आहे ते तिच्या स्वभावाचं. लबाडीसाठी जन्माला आलेली ही वस्तू वागायला इतकी सरळमार्गी आहे की एखाद्या पतसंस्थेच्या संचालक मंडळानं तिच्याकडे शिकवणी लावावी.

'चीट डॉट जेएस' ही त्यातलीच एक. वेबसाइट बनवणाऱ्यानं तिला सांगून ठेवायचं, की बाई, कुणी अमुक बटणं अमुक क्रमानं दाबली तर तमुक कर. मग ती कीबोर्डला कान लावून बसते. क्रमातलं एकेक बटण बरोबर पडलं की 'नेक्स्ट', मध्येच चुकलं की 'फेल', सगळं जमलं की 'डन'. फसवणूक कुठवर आली याचा टप्प्याटप्प्यानं अहवाल! शकुनीमामाला ही सोय नव्हती. बिचाऱ्याला प्रत्येक डावात धर्मराजाचा चेहरा वाचत बसावं लागलं.

अशा लायब्ऱ्यांबरोबर बहुधा एमआयटी परवाना येतो. ही घ्या, बदला, हवी तर विका, फक्त मूळ लेखकाच्या नावाची ओळ खोडू नका. आणि चालली नाही तर आमच्याकडे येऊ नका, हमी कसलीच नाही, असा त्याचा मथितार्थ. आमची लबाडी चालेलच असं नाही, हे आधीच लेखी देणारा धंदा निदान माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

काम वरवर पाहता किरकोळ वाटतं. जगातला सगळ्यात प्रसिद्ध चीट कोड घ्या: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. दहा बटणं. एकेक तपासत जायचं, चुकलं की पहिल्यापासून सुरू. आता एखाद्यानं उत्साहाच्या भरात तीनदा 'वर' दाबलं तर? आळशी लायब्ररी म्हणते, दोनदा वर झालं होतं, आता खाली हवं होतं, हा गृहस्थ पुन्हा वरच गेला, सगळं मुसळ केरात. ती शून्यावर जाते. पण त्या तीनपैकी शेवटचे दोन 'वर' अजून जिवंत आहेत की! बिचारा खेळाडू पुढची आठ बटणं अगदी तंतोतंत दाबतो आणि पडद्यावर ढिम्म काही होत नाही. जुळत आलेली माळ तुटली तर तिचा कामाचा तुकडा कुठून पुढे धरायचा, याचं शास्त्रशुद्ध उत्तर नूथ, मॉरिस आणि प्रॅट या तिघांनी १९७७ सालीच प्रसिद्ध करून ठेवलं आहे. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात पोरं ते घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. ती विद्या अशी इथे कामी येते. एखाद्या धांदरटानं बटण एकदा जास्त दाबलं, तरी त्याला लबाडी करता आली पाहिजे ना!

वेळेचंही बंधन घालावं लागतं. नाहीतर सकाळी वर-वर करून चहाला गेलेला माणूस दुपारी जेवून आल्यावर खाली-खाली करेल, संध्याकाळी पत्र टाइप करताना बी आणि ए दाबेल आणि साहेबांसमोर पडद्यावर युनिकॉर्न नाचायला लागतील. युनिकॉर्नचं मी मनाचं सांगत नाही. २००९ साली ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या वेबसाइटवर हा कोड दाबला की खरोखरच युनिकॉर्न उगवत होते.

या सगळ्या खटाटोपाचं मूळ एका माणसाच्या हतबलतेत आहे. काझुहिसा हाशिमोतो हे जपानच्या कोनामी कंपनीतले प्रोग्रामर. 'ग्रेडियस' नावाचा नाणी टाकून खेळायचा गेम घरच्या निन्टेंडोवर आणायचं काम त्यांच्याकडे होतं. साल १९८६. गेम नीट उतरला का हे बघायचं तर तो शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि तो तर झेपेना. मग त्यांनी गेममध्येच एक चोरवाट ठेवली: खेळ थांबवायचा, बोटांना सहज लक्षात राहतील अशी दहा बटणं दाबायची, की विमानाला सगळी शस्त्रं मिळतात. गेम बाजारात गेला तेव्हा ती वाट बुजवायची राहून गेली. पुढे 'कॉन्ट्रा'त त्याच दहा बटणांवर तीनाऐवजी तीस जीव मिळू लागले आणि हाशिमोतोंची अडचण साऱ्या जगाची सोय झाली. आपल्याकडे टीव्हीच्या मागे वायर खुपसून खेळायचे ते स्वस्तातले डबे आले, वेष्टणावर हजारो गेमचा दावा आणि आत नावं बदलून तेच ते. पण त्यात कॉन्ट्रा असला की पैसे वसूल. शेवटचं 'स्टार्ट' हे बटण कोडचा भाग आहे की नाही यावर चाळिशीतले लोक अजून भांडतात. नाही आहे. ते नुसतं खेळ सुरू करायचं बटण. पण हे सांगून पाहा, समोरचा असा बघतो की जणू तुम्ही सत्यनारायणाच्या पूजेत प्रसादाची गरज काय असं विचारलंय.

हाशिमोतो २०२० साली गेले. चीट कोड बनवणारे सगळेच काही त्यांच्यासारखे कनवाळू नव्हते. सुपर निन्टेंडोवर आलेल्या 'ग्रेडियस थ्री'मध्ये जुन्या सवयीनं तीच दहा बटणं दाबली की विमानाला शस्त्रं मिळत नाहीत, विमानाचा स्फोट होतो. 'डूम'चं इंजिन वापरून १९९४ साली 'हेरेटिक' निघाला. डूममध्ये 'आयडीडीक्यूडी' टाइप केलं की खेळाडू अमर होई. हेरेटिकमध्ये तेच टाइप केलं की तो जागच्या जागी मरतो, वर चीट करतोस काय म्हणून ऐकून घ्यावं लागतं. जुन्या गावचा वशिला नव्या गावात लावायला गेलं की असंच व्हायचं.

डूमवाल्यांचा बंदोबस्त तर बघण्यासारखा. त्यांनी १९९७ साली गेमचा सोर्स कोड खुला केला, त्यात चीट कोड सांभाळणारी एक छोटी फाइल सापडते. आजच्या लायब्ऱ्यांची ती आजी म्हणायला हरकत नाही. हिनं कोडमधली अक्षरं सरळ लिहिलेलीच नाहीत. प्रत्येक अक्षराचे आठ बिट पिसून, जागा बदलून ठेवले आहेत. 'डी' या अक्षराचा सोळा-आधारी क्रमांक खरा ६४, इथे त्याचा २६ होतो. गेमची फाइल उघडून कुणी आत डोकावलं तर त्याला कोड वाचता येऊ नयेत. आणि इतकं करून ते कोड मासिकांत छापून आले होतेच.

हीच लपवाछपवी 'जीटीए सॅन अँड्रियास'नं पुढच्या इयत्तेत नेली. तो किस्सा सांगायचा तर आधी सायबर कॅफेत जावं लागेल.

२००५ च्या मागेपुढे महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीसुद्धा सायबर कॅफे असे. बाहेर 'इंटरनेट, झेरॉक्स, लॅमिनेशन'ची पाटी, आत प्लायवुडची खुराडी आणि प्रत्येक खुराड्यात एक खुर्ची व चार पोरं. इंटरनेटचा संबंध फक्त पाटीपुरता. पोरं यायची ती 'व्हाइस सिटी' खेळायला. वहीच्या मागच्या पानावर कोड उतरवलेले असत. ज्याच्याकडे वही, तो पुढारी. 'पँझर' म्हटलं की आकाशातून रणगाडा, 'लीव्हमीअलोन' म्हटलं की पोलीस शांत. मराठी माध्यमातल्या पोराला 'नेसेसरी'त सी किती आणि एस किती हे पदवीधर होईपर्यंत उमगत नसे; पण 'प्रोफेशनलटूल्स' आणि 'प्रेशसप्रोटेक्शन' तो कीबोर्डकडे न बघता, पोलिसांच्या गोळ्या अंगावर घेत, एका दमात टाइप करायचा. सरकारी टायपिंग परीक्षेतली मिनिटाला तीस शब्दांची गती त्यापुढे काहीच नाही, कारण त्या परीक्षेत मागून हेलिकॉप्टर येत नाही. एका बाबतीत मात्र गेमनं त्यांचं इंग्रजी कायमचं बिघडवलं. तब्येत सुधारायचा कोड 'ॲस्पिरिन', पण त्याच्या स्पेलिंगला शेवटी एक जादा 'ई'. औषधाच्या दुकानात आजही तो 'ई' लावून चिठ्ठी लिहिणारा माणूस दिसला, की हा कोणत्या कॅफेतून शिकून आला ते समजावं.

मग सॅन अँड्रियास आला आणि कोड एकदम संस्कृतापेक्षा अवघड झाले.

"अरे हेसोयाम टाक, हेसोयाम! मरतोय तो!"

"टाकतोय ना! वायनंतर काय?"

"ए एम! ए एम! ... गेला. दादा, दहा मिनिटं वाढवा ना."

'हेसोयाम' टाकलं की तब्येत ठणठणीत, अंगात चिलखत आणि खिशात अडीच लाख डॉलर. या शब्दाचा अर्थ काय यावर वर्गात परिसंवाद झडत. तो एखाद्या मेक्सिकन गुंडाचं नाव आहे, उलटा वाचला तर जपानी शिवी आहे, असं बरंच काही. खरी गंमत अशी, की त्याला काहीच अर्थ नाही आणि गेमलाही तो शब्द माहीत नाही. गेमनं कोडचे शब्द साठवलेलेच नाहीत. प्रत्येक शब्दाचा एक अंकी ठसा तेवढा काढून ठेवला आहे. तुम्ही टाइप करता, गेम त्याचा ठसा काढतो आणि आपल्याकडच्या ठशांशी ताडून बघतो. ठसा बत्तीस बिटांचा, म्हणजे एकूण ठसे सुमारे ४२९ कोटी. इंग्रजीतली अक्षरं २६, त्यामुळे नुसत्या सात अक्षरी जुळण्याच ८०३ कोटींवर जातात. ठसे कमी आणि बोटं जास्त, तेव्हा एकाच ठशाचे दोन-दोन धनी निघायचेच. खटपटी लोकांनी संगणकाला कामाला जुंपून ठसा जुळेल अशी अक्षरं शोधून काढली, त्यात सापडला हेसोयाम. त्याच ठशाचा दुसरा धनी आहे 'आय नीड सम हेल्प'. तेरा अक्षरं सलग टाइप केली की तेच अडीच लाख डॉलर. म्हणजे मेटाकुटीला आलेल्या माणसानं 'जरा मदत करा हो' असं साध्या, सभ्य इंग्रजीत म्हटलं असतं तरी भागत होतं. आमच्या एका पिढीनं त्याऐवजी एक निरर्थक मंत्र पाठ केला, आणि तोही शुद्ध उच्चारांसह.

चीट कोडची दुसरी जात आहे, तिला गेम बनवणाऱ्यांचा आशीर्वाद नसतो. १९९० च्या सुमारास ब्रिटनच्या कोडमास्टर्स कंपनीनं 'गेम जिनी' नावाचं यंत्र काढलं. गेमचं कार्ट्रिज आणि निन्टेंडो यांच्या मध्ये ते बसवायचं. त्यात सहा किंवा आठ अक्षरं भरली की गेमचा स्वभाव बदलतो. अक्षरं सव्वीस नाहीत, निवडक सोळा, आणि त्यांचा क्रम ए, पी, झेड, एल असा, एबीसीडी ठरवणाऱ्याशी जुनं वैर असल्यासारखा. हे कोड उलगडणाऱ्या लायब्ऱ्या आता ढीगभर आहेत. सहा अक्षरं द्या; प्रत्येक अक्षर म्हणजे चार बिट, मिळून चोवीस; ते लायब्ररी पुन्हा पिसते आणि त्यातून दोन गोष्टी काढते: गेमच्या प्रोग्रॅममधला एक पत्ता आणि त्या पत्त्यावर काय आहे असं भासवायचं ती किंमत.

सुपर मारिओसाठी एक कोड आहे, 'एसएक्सआयओपीओ'. तो टाकला की मारिओचे जीव संपत नाहीत. यात कुणी मारिओला हजार जीव बहाल केले असतील असं वाटतं ना? तसं काहीच नाही. हा कोड एका ठिकाणची एकच सूचना बदलतो. मारिओ मेला की प्रोग्रॅम जिथे येतो तिथे मूळ सूचना असते, 'जिवांच्या आकड्यातून एक वजा कर'. कोड लावला की तिच्या जागी होतं, 'जिवांचा आकडा वाच'. बस. चित्रगुप्ताची वही जिथल्या तिथे, चित्रगुप्तही कामावर हजर, नोंदही त्याच पानावर उघडते. फक्त वजाबाकीऐवजी तो आकडा वाचतो, मान हलवतो आणि वही मिटतो. एवढा बारीक भ्रष्टाचार मी आमच्या मंत्रालयाबद्दलही ऐकलेला नाही. तिथे निदान फाइल तरी गहाळ करतात.

निन्टेंडोला अर्थातच हे रुचलं नाही. अमेरिकेत हे यंत्र विकणाऱ्या गॅलूब या खेळणी कंपनीशी त्यांचा खटला झाला. निन्टेंडोचं म्हणणं, अमर मारिओ हा आमच्या मारिओवरून तयार केलेला नवा अवतार आहे आणि अवतारांचे हक्क आमच्याकडे राखीव. न्यायालयानं हे मानलं नाही. गिऱ्हाइकानं पैसे मोजून गेम घेतला, आता घरात बसून तो कसा खेळायचा हा त्याचा प्रश्न, असा निकाल लागला. १९९२ साली वरच्या न्यायालयानंही तोच कायम केला. मधल्या काळात विक्री अडवून धरल्याबद्दल निन्टेंडोला दीड कोटी डॉलर भरावे लागले. सापशिडीत साप बघून डोळेझाक करण्याचा जो हक्क आपल्याकडे प्रत्येक नातवंडाला आजोबांबरोबर खेळताना आपोआप मिळतो, तो अमेरिकेत मिळवायला एवढा खर्च येतो.

आता थोडं आपल्या कीबोर्डाकडे. वर सांगितलेल्या लायब्ऱ्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तलाठी कार्यालयातला संगणक नसतो. समजा त्यावर मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू आहे आणि कारकुनाला दुपारच्या वेळी वर-वर-खाली-खाली करायची हुक्की आली. बाण ठीक, बाणांना मातृभाषा नसते. पण पुढे 'बी'च्या जागी इनस्क्रिप्टमध्ये 'व' आहे आणि 'ए'च्या जागी ओकाराची मात्रा. लायब्ररी बी-एची वाट बघत बसते आणि तिच्या कानावर पडतं 'वो'. ताबडतोब फेल. डूमचा अमरत्वाचा मंत्र तर आधी ग, मग दोनदा पाय मोडका, मग औची मात्रा, मग पुन्हा पाय मोडका असा उमटतो. तो उच्चारायचा प्रयत्न केला तर अमरत्वाऐवजी उचकी लागेल. उपाय आहे. ब्राउझर प्रत्येक बटणाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतो: कोणतं अक्षर उमटलं आणि कोणत्या जागेचं बटण दाबलं. लायब्ररीनं अक्षर न विचारता जागा विचारली की काम झालं. जात न विचारता जागा विचारणारी व्यवस्था महाराष्ट्रात निवडणुकीचं तिकीटवाटप सोडून कुठेही चालावी.

पण सरकारी कचेरीत हे चाळे कोण करणार, असं वाटत असेल तर कॅनडाकडे बघा. देशाला दीडशे वर्षं झाली म्हणून तिथल्या मध्यवर्ती बँकेनं २०१७ साली दहा डॉलरची खास नोट काढली आणि तिच्यासाठी वेबपान केलं. त्या पानावर ही दहा बटणं दाबली की पडद्यावर नोटांचा पाऊस पडू लागे आणि राष्ट्रगीत वाजे. मध्यवर्ती बँक म्हणजे जगातली सगळ्यात गंभीर चेहऱ्याची संस्था. तिथे कुणी तरी बैठकीत हा विषय मांडला असेल, कुणी तरी त्याला मंजुरी दिली असेल, आणि तीनदा 'वर' दाबल्यास काय, हा मुद्दाही निघाला असेल. आपल्याकडे नोटांच्या बाबतीत रात्री आठ वाजता दूरदर्शनसमोर बसायची सवय लागल्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असले प्रयोग करायचं माझं धाडस होत नाही.

हल्लीच्या मोबाइल गेममध्ये मात्र हा सगळा कारभार आवरता घेतलाय. जीव हवे असतील तर जीव विकत मिळतात, तलवार विकत मिळते, पुढच्या पातळीला जायची घाई असेल तर घाईचाही दर लावलेला असतो. कोड अजून आहे, तो बहुतेकदा सहा आकड्यांचा असतो आणि बँकेकडून एसएमएसनं येतो. बाकी लायब्ररीतलं सगळं त्यात जसंच्या तसं उतरलंय: क्रम चुकता कामा नये, ठरलेल्या वेळात टाकायला हवा, आणि तीनदा हुकलं की चोवीस तास बसून राहा. पोरानं 'बाबा, मोबाइल जरा द्या ना' म्हटलं की बाप आकडे वाचून दाखवतो, पोरगं टाइप करतं, आणि 'डन' आल्याचा दुसरा एसएमएस बापाला येतो, त्यात उरलेली शिल्लकही असते. इथे वजाबाकीची सूचना कुणी बदललेली नाही.